रव्याएवढे सोने : एट्रुस्कन अलंकारांचे वाचन

दागिना समोर आला की आपल्या घरांतून प्रथम वजन विचारले जाते, मग घडणावळ, आणि सर्वांत शेवटी तो कोणाच्या अंगावरचा हा प्रश्न येतो. संग्रहालयाच्या काचेमागील दागिन्यापुढे हा क्रम उलटा होतो. तो कोणत्या राणीचा, हे आधी विचारले जाते आणि घडणीविषयी ‘ही विद्या आता लोपली’ एवढ्या एका वाक्यात आपण मोकळे होतो. इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या सुवर्णालंकारांवर गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग या दोन वाक्यांचाच विस्तार आहे. अलंकार राजस्त्रीचे, आणि कला हरवलेली. ही दोन्ही वाक्ये ऐकावयास गोड आहेत. परंतु ती वस्तूंपेक्षा पाहणाऱ्याच्या हौसेविषयी अधिक सांगतात, असे माझे मत आहे. त्यांची तपासणी करावी, हा या लेखाचा हेतू.

एट्रुस्कन लोकांची वस्ती मध्य इटलीत, मुख्यतः आर्नो आणि टायबर या दोन नद्यांमधील प्रदेशात होती. त्यांचे एकछत्री राज्य कधी झाले नाही. चेरे, तार्क्विनिया, वुल्ची, वेतुलोनिया अशी स्वतंत्र नगरे होती. डोंगरांतील तांबे आणि एल्बा बेटावरील लोखंड यांच्या बळावर इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत या नगरांकडे संपत्ती आली आणि तिच्या मागोमाग फिनिशियन व ग्रीक व्यापारी, त्यांचा माल आणि कारागीरही आले. लिपी त्यांनी ग्रीकांकडून घेतली. भाषा मात्र त्यांची स्वतःची, आणि ती इंडो-युरोपीय कुळातील नव्हती. पुढे रोमने एकेक नगर जिंकले. आज या लोकांविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते प्रामुख्याने त्यांच्या थडग्यांतून. जिवंतांची घरे मातीलाकडाची असल्याने गेली. मृतांची घरे दगडात कोरलेली असल्याने राहिली.

अशा थडग्यांपैकी सर्वांत गाजलेले थडगे चेर्वेतेरी, म्हणजे प्राचीन चेरे, येथे १८३६ साली उघडले गेले. धर्मगुरू अलेस्सांद्रो रेगोलिनी आणि सेनानी विंचेन्झो गालासी या दोघांच्या नावांनी ते ओळखले जाते. त्यातील वस्तू इ.स.पू. सातव्या शतकाच्या दुसऱ्या चरणाच्या आसपासच्या मानल्या जातात. पोप ग्रेगरी सोळावे यांनी १८३७ साली व्हॅटिकनमध्ये स्थापिलेल्या एट्रुस्कन संग्रहालयात त्या आहेत. परदेशी जाऊन त्या पाहण्याचे भाग्य सर्वांना लाभत नाही. तथापि अलीकडे संग्रहालये इतकी मोठी आणि स्वच्छ छायाचित्रे प्रसिद्ध करतात की, काचेपुढील गर्दीत उभ्या असलेल्या प्रवाशाला दिसणार नाही तेही घरी बसून दिसू शकते.

या संग्रहातील मुख्य वस्तू म्हणजे एक प्रचंड फिबुला. फिबुला म्हणजे खांद्यावर वस्त्र अडकविण्याचा आकडा. आजच्या सेफ्टी पिनेचा पूर्वज म्हटले तरी चालेल. मात्र हा आकडा सुमारे एक फूट लांबीचा आहे. वरच्या तबकडीवर पाच सिंह चालत आहेत आणि त्यांच्याभोवती कमळे व ताडपत्रे यांच्या गुंफणीची किनार आहे. खालचा भाग फुगीर, पानाच्या आकाराचा; त्यावर सोन्याची चिमुकली बदके रांगेने बसविलेली. ही बदके पत्र्यावर उठवलेली नाहीत, ती पूर्ण आकाराची, सुटी घडवून बसविली आहेत. दोन्ही भागांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर नागमोडी नक्षी आहे. पत्रा कापणे, मागून ठोकून उठाव देणे, ठसे मारणे आणि रवे बसविणे या सोनारकामाच्या बहुतेक सर्व रीती या एकाच वस्तूत एकत्र आल्या आहेत.

कलाकृती म्हणून या फिबुलेचे मूल्यमापन करताना केवळ विपुलतेने दिपून जाऊ नये. तिच्यातील खरी गोष्ट सिंह आणि बदके यांच्या शेजारात आहे. सिंह पूर्वेकडून आला. एट्रुरियातील कारागिराने तो रानात पाहिलेला नव्हता. सीरिया-फिनिशियाकडील धातूच्या भांड्यांवर आणि हस्तिदंतावर पाहिला होता. बदक मात्र घरचे. त्यापूर्वीच्या दोन-तीन शतकांत मध्य इटलीच्या कांस्यपात्रांवर पाणपक्ष्यांच्या ओळी सतत दिसतात. नव्याने श्रीमंत झालेल्या घराण्याने दूरदेशीचा राजप्राणी वरच्या तबकडीवर मिरविला, आणि खालच्या अंगाला आजोबा-पणजोबांच्या काळचे पक्षी तसेच ठेवले. सिंह पाच आहेत आणि बदके कितीतरी अधिक. परका नमुना आत्मसात करतानाही घरचा नमुना न सोडण्याची ही वृत्ती मला त्या साऱ्या सोन्याहून बोलकी वाटते. दोष काढावयाचा तर हा की, वस्तूला विसावा नाही. रिकामी जागा राहिली तर दारिद्र्य दिसेल, अशी भीती घडविणाऱ्याला वा घडवून घेणाऱ्याला वाटली असावी. त्याच थडग्यातील उरावरील सुवर्णपत्र पाहिले की ही शंका बळावते. त्यावर लहान लहान ठशांनी प्राण्यांच्या आकृती ओळीमागून ओळ उमटविल्या आहेत. श्रम अपार आहेत, पण नजर कोठे थांबावी हे त्या ओळी सांगत नाहीत.

आता रव्याच्या कामाकडे वळू. सोन्याचे अगदी बारीक गोल कण पत्र्यावर जोडून आकृती काढणे, ही ती रीत. एट्रुस्कन कामातील सर्वांत सूक्ष्म कण सुमारे ०.१४ मिलिमीटर व्यासाचे आहेत. वेतुलोनियाच्या कामात तर कण सुटे दिसतच नाहीत. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचीच धूळ शिंपडून छायाचित्र काढावे तशा आकृती दिसतात. कण तयार करणे तुलनेने सोपे आहे. सोन्याचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत मिसळून मुशीत तापविले की वितळलेला प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो. अवघड आहे ते जोडणे. नेहमीची झाळ वापरली तर ती वितळून कणांमधील फटींत शिरते आणि सारी नक्षी बुडून जाते. एट्रुस्कन कामात प्रत्येक कण केवळ स्पर्शबिंदूपाशी चिकटलेला असतो, आणि बाकी अंगाने मोकळा राहतो. म्हणूनच तो प्रकाशात चमकतो.

एकोणिसाव्या शतकात रोममधील कास्तेलानी या सोनार घराण्याला या कामाने वेड लावले. फोर्तुनातो पिओ कास्तेलानी आणि त्यांचे पुत्र अलेस्सांद्रो व अगुस्तो यांनी, मिकेलांजेलो काएतानी या विद्वान सरदाराच्या प्रोत्साहनाने, प्राचीन नमुन्यांवरून नवे दागिने घडविण्यास प्रारंभ केला. डोंगराळ भागातील सांत आंजेलो इन वादो या गावी जुन्या पद्धतीने काम करणारे कारागीर त्यांना आढळले. त्यांना रोमला आणून बसविले. नेहमीच्या सवागीऐवजी निराळे क्षार वापरून पाहिले. काम सुंदर झाले, परंतु प्राचीनांची बरोबरी झाली नाही, हे अलेस्सांद्रोने स्वतःच मान्य केले. ‘हरवलेली विद्या’ ही आख्यायिका येथून पसरली.

हे कोडे पुढे सुटले. लिट्लडेल या इंग्रज तज्ज्ञाने १९३३ साली आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तांब्याचा क्षार वाटून डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवायचा आणि त्याने कण जागेवर बसवायचे. उष्णता वाढली की डिंक जळून कोळसा होतो. तो कोळसा तांब्याच्या संयुगातील प्राणवायू ओढून घेतो आणि स्पर्शबिंदूपाशी शुद्ध तांब्याचा सूक्ष्म थर उरतो. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. सोने-तांब्याचे मिश्रण मात्र सुमारे ८९० अंशांनाच वितळते. त्यामुळे कण आणि पत्रा शाबूत राहून सांधा तेवढा वितळतो. प्रत्येक एट्रुस्कन कार्यशाळेत नेमकी हीच कृती होत असे, असा याचा अर्थ नाही; उष्णतेवर पूर्ण ताबा असल्यास तांब्याविनाही कण जोडता येतात. पण येथे एक मौज लक्षात घ्यावी. सोने जोडण्यासाठी ताम्रयुक्त पदार्थ वापरतात, ही नोंद रोमन ग्रंथकार प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच आपल्या विश्वकोशात करून ठेवली होती. रहस्य पुस्तकात होते. हात तेवढे नव्हते.

म्हणून ‘हरवलेली विद्या’ हा शब्दप्रयोग मला सदोष वाटतो. हरवते ते सूत्र, असे आपण मानतो. वस्तुतः हरवते ती सवय. शेकडो तास मान मोडून बसणारा कारागीर, त्याला तेवढा वेळ देणारा धनी आणि त्याच्याजवळ बसून शिकणारा पोर, ही साखळी तुटली की विद्या जाते, मग सूत्र ग्रंथात असले तरी. शिवाय ही विद्या जगातून गेली होती असे म्हणणे हेही युरोपपुरतेच खरे. तक्षशिलेच्या सिरकप भागात जॉन मार्शल यांच्या उत्खननात मिळालेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराच्या सुवर्णालंकारांवर उत्तम रव्याचे काम आहे. आणि गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत पारंपरिक दागिन्यांत रवा बसविणारे हात पुढेही चालू राहिले. कास्तेलानी ज्या कौशल्यासाठी इटलीचे डोंगर धुंडाळीत होते, त्याच्या जवळपासचे कौशल्य आपल्याकडील पेठांत बसून कोणी नाव न कमावता वापरीत होता. एट्रुस्कन कामाची सूक्ष्मता यामुळे उणी होत नाही. तिच्याभोवतीचे गूढ तेवढे उणे होते.

कास्तेलानींच्या कामाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ते घडवीत, दुरुस्त करीत, संग्रह करीत आणि विकीतही. ब्रिटिश म्युझियमने १८७२-७३ या काळात अलेस्सांद्रोकडून मोठा संग्रह विकत घेतला. रोमच्या सरकारी गहाणपेढीचा प्रमुख असलेला मार्क्विस काम्पाना हा अपहाराच्या आरोपाखाली १८५७ साली पकडला गेला आणि त्याचा प्रचंड संग्रह १८६१ साली तिसऱ्या नेपोलियनने फ्रान्ससाठी घेतला. त्यातील दागिने कास्तेलानींच्या हाताखालून गेलेले होते. पुढे बारकाईने तपासणी झाली तेव्हा अशा संग्रहांतील काही दागिने निरनिराळ्या काळांचे तुकडे जोडून ‘पूर्ण’ केलेले असल्याचे दिसून आले. आधीचे सोने खरे, आकृती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अभिरुचीची. अशा दागिन्यावरून एट्रुस्कन सौंदर्यदृष्टीविषयी सिद्धान्त मांडणे म्हणजे प्रक्षिप्त ओव्यांवरून मूळ कवीची शैली ठरविण्यासारखे आहे. पाठचिकित्सेची जी शिस्त आपण पोथ्यांना लावतो तीच दागिन्यांनाही लावली पाहिजे.

ही शिस्त दोन्हीकडून चालते, हेही सांगितले पाहिजे. प्रेनेस्ते येथील म्हणून १८८७ साली वोल्फगांग हेल्बिग याने सुवर्णाची एक फिबुला विद्वानांपुढे ठेवली. तिच्यावर अतिप्राचीन लॅटिनमध्ये ‘मला मानिउसने नुमेरिउससाठी घडविले’ अशा अर्थाचा लेख आहे. १९८० साली मार्गेरिता ग्वार्दुच्ची या नामवंत लेखविद्या-तज्ज्ञ विदुषीने तो लेख बनावट असल्याचे प्रतिपादन केले आणि कित्येकांनी ते मानले. २०११ साली एदिल्बेर्तो फोर्मिली आणि दानिएला फेर्रो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग तपासला. दीर्घ काळानेच होणारे सोन्याचे सूक्ष्म स्फटिकीभवन अक्षरांच्या खाचांतही आढळले, आणि वस्तू व लेख दोन्ही अस्सल ठरली. श्रद्धेइतकाच संशयही पुराव्यावाचून टिकत नाही.

आता ‘कोणाचे?’ या प्रश्नाकडे येऊ. रेगोलिनी-गालासी थडग्याच्या आतील दालनात अलंकार होते, आणि तेथील चांदीच्या भांड्यांवर ‘लार्थिया’ असा शब्द कोरलेला आहे. सोने आहे म्हणून स्त्री, आणि शब्द आहे म्हणून तिचे नाव, अशा रीतीने ‘राजकन्या लार्थिया’ जन्मास आली. परंतु प्राचीन एट्रुस्कन व्याकरणात हे ‘लार्थ’ या पुरुषनामाचे षष्ठीचे रूप ठरते, म्हणजे ‘मी लार्थची’ असे ते भांडे म्हणते, असे अनेक भाषातज्ज्ञांचे मत आहे. दालनातील व्यक्ती स्त्री असू शकते. ती भांडी तिला पतीकडून वा पित्याकडून आलेली असू शकतील. पण तिचे नाव आपणांस ठाऊक आहे असे मग म्हणता येत नाही. थडग्याचे खोदकाम घाईने झाले, कोणती वस्तू कोठे होती याची तत्कालीन नोंद अपुरी राहिली आणि शंभर वर्षांनंतर, १९४७ साली, लुइजी पारेती यांना जुन्या कागदांवरून ती मांडणी पुन्हा जुळवावी लागली. महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. पंचनाम्यात वस्तूच्या वर्णनाइतकेच मोल ती कोठे व कोणत्या स्थितीत मिळाली याला असते. ते लिहून घेतले नाही तर पुढील सारा युक्तिवाद अधांतरी राहतो.

ही केवळ एकोणिसाव्या शतकाची घाई नव्हे. २०१३ साली तार्क्विनिया येथे एक न लुटलेले थडगे उघडले. एका चौथऱ्यावर सांगाडा आणि त्याच्याजवळ भाला. दुसऱ्यावर अंशतः दहन झालेले अवशेष. भाला आहे म्हणून पहिला योद्धा राजपुत्र, आणि दुसरी त्याची पत्नी, दागिने अर्थात तिचे, असे जाहीर झाले. अस्थींची तपासणी झाली तेव्हा भाल्यापाशी असलेली व्यक्ती पस्तीस-चाळीस वर्षांची स्त्री निघाली, आणि दुसरी व्यक्ती पुरुष. मग तो भाला दोघांच्या ऐक्याचे चिन्ह असावा, असे स्पष्टीकरण देण्यात आले. सोने दिसले की स्त्री आणि शस्त्र दिसले की पुरुष, हे समीकरण आपण घरून घेऊन जातो आणि थडग्यात सापडले म्हणून परत आणतो. ग्रीक लेखक थिओपोंपस याने एट्रुस्कन स्त्रियांच्या मोकळेपणावर टीका केली होती. पतीसोबत पंक्तीला बसणारी, स्वतःचे व्यक्तिनाम धारण करणारी स्त्री त्याला रुचली नाही. आपण तिला सोन्याने मढवून गप्प बसविले, एवढाच फरक.

याच्या उलट उदाहरण ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. किउसी नगराजवळ १८८६ साली मिळालेली, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याची ही रंगीत मृत्तिकेची शवपेटी. झाकणावर एक स्त्री रेलून बसली आहे. हाती आरसा, डोक्यावर मुकुट, कानी कुंडले, हातात कडी, आणि दुसऱ्या हाताने ती पदर सावरते आहे. पेटीवर तिचे पूर्ण नाव कोरलेले आहे : सेइआंती हानुनिया त्लेस्नासा. अस्थींच्या अभ्यासावरून ती पन्नाशीच्या पुढेमागे वारली आणि तारुण्यात तिला जबर दुखापत झालेली होती, असे दिसते. मूर्तीत ती अधिक तरुण व निरामय आहे. येथील दागिने सोन्याचे नाहीत, मातीचे व रंगाचे आहेत. तरी दागिना अंगावर कसा बसे, कोणत्या दागिन्यासोबत कोणता घालीत, वय झालेल्या स्त्रीने स्वतःस कसे दाखवून घ्यावयाचे, हे सारे या रंगवलेल्या मातीतून कळते. व्हॅटिकनच्या लखलखत्या फिबुलेतून ते कळत नाही. रसिकाने यांतील कोणती वस्तू श्रेष्ठ मानावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न; परंतु कोणती वस्तू अधिक सांगते, याविषयी मला शंका नाही.

उत्तरकालीन दागिन्यांना समीक्षक नाक मुरडतात, त्याविषयीही दोन शब्द. इ.स.पू. चौथ्या शतकात रव्याचे सूक्ष्म काम मागे पडले आणि पातळ पत्र्याचे, आतून पोकळ, मोठ्या फुगीर गोलकांचे दागिने आले. बहुतेकांनी याला ऱ्हास म्हटले आहे. मला हे अर्धसत्य वाटते. थोड्या सोन्यात मोठा डौल साधणारा दागिना हा अधिक घरांपर्यंत पोचणारा दागिना असतो. फूटभर लांबीची फिबुला एका घराण्याच्या वैभवाची ग्वाही देते. पोकळ कुंडले एका समाजाच्या हौसेची. कारागिरीच्या इतिहासात पहिली वर राहील, समाजाच्या इतिहासात दुसरीला खाली बसविण्याचे कारण नाही.

या सर्वांवरून संग्रहालयांकडे एक मागणे मागावेसे वाटते. दागिन्याखालील पाटीवर काळ, स्थळ आणि ‘सुवर्ण’ एवढे लिहून भागू नये. तो कोणत्या नोंदीच्या आधारे कोणत्या थडग्यातला, कोणाच्या हातून विकला गेला, कोणता भाग मागाहून जोडला आणि स्वामित्वाविषयी जे म्हटले आहे ते ज्ञात आहे की अनुमान, हे चार ओळींत सांगावे. रोमच्या व्हिल्ला जुलिया संग्रहालयात प्राचीन अलंकार आणि कास्तेलानींचे एकोणिसाव्या शतकातील अलंकार, दोन्ही आहेत. १९१९ साली त्या घराण्याने आपला संग्रह राष्ट्रास दिला. मूळ आणि अनुकरण शेजारी ठेवून पाहणाऱ्यास स्वतः निवाडा करू देणे, हे तेथे घडू शकते. नक्कल नक्कल म्हणून मांडली की तीही आदरणीय होते.

शेवटी जे सर्वांत खटकते ते सांगतो. एट्रुस्कन भाषेतील दहा हजारांहून अधिक लेख मिळाले आहेत, पण बहुतेक लहान : नावे, नाती, वय, अर्पण. इ.स.पू. ९० नंतर या लोकांना रोमन नागरिकत्व मिळाले, आणि पुढील शे-दीडशे वर्षांत बोलणारे उरले नाहीत. सम्राट क्लॉडियसने, ज्याची पहिली पत्नी एट्रुस्कन घराण्यातील होती, त्यांचा वीस खंडांचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिला. तोही नष्ट झाला. भाषा कोणी मारली नाही. मुले लॅटिन शिकली, त्यात त्यांचे हितच होते. एके दिवशी आजीचे बोलणे नातीला कळेनासे झाले. त्यानंतर सोने राहिले आणि सोन्याची नावे गेली. त्या फूटभर फिबुलेला तिच्या घरात काय म्हणत, हे आज सांगता येणार नाही. ‘फिबुला’ हा शब्दही जेत्यांच्या भाषेतला. याउलट पिर्जी येथे १९६४ साली तीन सुवर्णपत्रे मिळाली. दोन एट्रुस्कन भाषेत, एक फिनिशियनमध्ये. त्यांवर नक्षी नाही, रवा नाही. पण चेरेचा राजा थेफारिए वेलियानास याने देवीला स्थान अर्पण केले, हे ती पत्रे त्याच्याच भाषेत सांगतात, आणि शेजारची फिनिशियन भाषा त्याचा अर्थ लावावयास साहाय्य करते. वजनाने ती फिबुलेपुढे काहीच नसतील. इतिहासात त्यांचे मोल थोर आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना हे परके वाटू नये. वाकी, गोठ, चितांग, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, बुगडी हे आपल्या कपाटांत आजही आहे. त्यांची नावे मात्र घरातील सर्वांत धाकट्या मुलीला येतात का, हे विचारून पाहावे. दागिना मोडला तरी पुन्हा घडविता येतो. नाव विसरले गेले की मग तो केवळ काही तोळे सोने, आणि त्याचा अर्थ परक्याने लावायचा. बँकेच्या लॉकरमधील डब्यात प्रत्येक दागिन्यासोबत एक कागद ठेवावा : याला काय म्हणतात, कोणाचा, कोणत्या गावच्या सोनाराने घडविला, कोणत्या प्रसंगी घातला. एट्रुस्कनांच्या थडग्यांत सर्व काही होते, एवढा कागद नव्हता.